दोन ते चारचा पहारा

आमच्या गावच्या सप्त्यात, म्हणजे अखंड हरिनाम सप्ताहात, माझा वीणा धरायचा पहारा शेवटच्या रात्री दोन ते चार. गेली नऊ वर्षं तोच. बदलून मागितला, मिळाला नाही. यादी करणारे गुरुजी म्हणायचे, "तू पुण्याला असतो ना, तुम्हाला नाईट शिफ्टची सवय असती." आता मी चाकणला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, साडेनऊ ते सहा, जन्मात नाईट शिफ्ट केली नाही, पण गावाकडं पुण्याला राहतो म्हणजे आयटीत आणि आयटीत म्हणजे रात्रभर जागा हे एकदा ठरलं की ठरलं, त्यात आपण बोलून काय फरक पडत नाही.

गाव नेवासा तालुक्यात, मुळा धरणाच्या उजव्या कालव्याखाली. म्हणजे ऊस आणि कांदा, आणि उसाच्या मागनं आलेले बिबटे. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय पण तोंडात अजून नगरच येतं, त्याला माफी असावी. ज्या पैस खांबाला टेकून माऊलींनी ज्ञानेश्वरी सांगितली तो आमच्यापासून मोटरसायकलवर अर्ध्या तासावर, त्यामुळं सप्त्याचं वेड आमच्या भागाला जरा जास्तच. गावाचा सप्ता, वाडीचा सप्ता, आता तर एकेका वस्तीचा पण वेगळा निघतो. श्रावणात सरला बेटाचा म्हणजे गंगागिरी महाराजांचा सप्ता असतो तो तर पावणेदोनशे वर्षांचा, दरवर्षी वेगळ्या गावाला, लाखात माणूस, गावोगावच्या भाकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून येतात आणि आमटी काहिलींमधून. लहानपणी एकदा आजीबरोबर गेलो होतो, भाकरीचा डोंगर बघितला होता, ताडपत्रीवर. माझ्या उंचीचा. अजून डोळ्यासमोर आहे.

आमचा सप्ता त्यामानाने लहान. रामनवमी ते हनुमान जयंती, चैत्र शुद्ध नवमी ते पौर्णिमा, बरोबर सात दिवस. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण (वाचायला नव्वद टक्के बायका, आणि पहिल्या रांगेत बसायला पुरुष), दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, कीर्तनानंतर जेवणं. कीर्तन पूर्वी नऊ ते अकरा असायचं, आता सात ते नऊ केलंय. एक तर दहानंतर भोंगा लावायचा नाही आणि दुसरं म्हणजे बायका-पोरांना वस्तीवर परत जायचं असतं, रस्ता उसातून. तीन वर्षांपूर्वी कालव्याच्या चारीवर कुणाची तरी शेळी नेली बिबट्याने तेव्हापासून हे टायमिंग बदललं. इतकी वर्षं महाराज लोकांना सांगून सांगून थकले की कीर्तन वेळेत सुरू करा, ते काम बिबट्याने एका शेळीत केलं.

तर पहारा. सप्त्यात बाकी सगळं थांबतं, माणसं जेवतात, झोपतात, भांडतात, वीणा मात्र थांबत नाही. सात दिवस म्हणजे १६८ तास ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पाहिजे, आणि तो माणूस उभा पाहिजे, खाली टेकवायची नाही, खुंटीला लावायची नाही. दोन-दोन तासांचे ८४ पहारे. एका पहाऱ्याला एक विणेकरी आणि कमीत कमी दोन टाळकरी. म्हणजे अडीचशे नावं भरायची. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात अडीचशे माणूस लिहिणं काही अवघड नाही असं वाटतं ना, पण त्यातला कोण कुणाशी बोलत नाही, कोणाची भावकी कुठली, कोण ग्रामपंचायतीला कुणाच्या विरोधात पडला, कुणाची मोटर रात्रपाळीच्या लाईटला आहे, हे सगळं डोक्यात धरून लिहायचं असतं. गुरुजी हे काम पाडव्याला करतात. मारुतीच्या पारावर पंचांग वाचून झालं, कडुनिंब-गूळ तोंडात टाकला की दोन रेघांची वही काढायची आणि बसायचं. पूर्वी ती यादी देवळाच्या भिंतीवर डकवायचे, आता फोटो काढून ग्रुपवर टाकतात. गुरुजींना मी एकदा म्हणलं एक्सेलमध्ये करून देतो, एका मिनिटात होईल. ते हसले फक्त.

का हसले ते मला लय उशिरा कळलं.

माझ्या आधीचा पहारा, बारा ते दोन, नानाचा. माझ्या नंतरचा, चार ते सहा, तात्याचा. दोघं सख्खे चुलत भाऊ, आणि अकरा वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. कारण तुम्ही ओळखलंच असेल, बांध. बैलांच्या काळात बांध हातभर रुंद होता, ट्रॅक्टर आल्यावर दोन्ही बाजूंनी थोडा थोडा नांगरत नांगरत आता तो वीतभर राहिलाय, आणि त्या गेलेल्या बांधातलं कुणी किती खाल्लं यावर तीनदा मोजणी झाली, प्रकरण तालुक्याला गेलं, तिथून कोर्टात, अजून तारीख चालू आहे. त्या बांधावर एक बोरीचं झाड होतं तेही तोडलं, कुणी तोडलं यावर दुसरं भांडण. वकिलाला आतापर्यंत गेले तेवढ्यात अर्धा एकर आला असता असं गावात कुणीही सांगेल, त्या दोघांना सोडून.

पण मूळ गोष्ट त्याच्या मागची आहे. शेवटच्या रात्रीचा पहारा हा त्यांच्या आजोबांचा मान. म्हातारा बारा ते सहा एकटा उभा राहायचा, सहा तास, आणि सकाळी मारुतीचा जन्म झाला की मगच वीणा दुसऱ्याच्या गळ्यात द्यायचा. म्हातारा गेल्यावर वाटणी झाली, त्यात जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, भांडी वाटली आणि पहारा पण वाटला. थोरल्या घराला बारा ते दोन, धाकट्या घराला चार ते सहा. मधले दोन ते चार दोघांनाही पाहिजे होते. मग तो काही वर्षं कधी याला कधी त्याला, आणि बांधाचं प्रकरण पेटल्यावर गुरुजींनी तिथं तिसरा माणूस घातला. पहिली दोन वर्षं स्वतः उभे राहिले, मग गुडघे दुखायला लागले. मग मी. कारण आमचं घर त्या भावकीतलं नाही, मी गावात राहत नाही, माझं कुणाशी वाकडं नाही. थोडक्यात मी म्हणजे बांध. आणि मला वाटायचं नाईट शिफ्टमुळं.

कशासाठी हे सगळं, तर वीणा देताना नुसती द्यायची नसते. आपल्या गळ्यातली काढून समोरच्याच्या गळ्यात घालायची आणि एकमेकांच्या पाया पडायचं. वारकऱ्यांत वय बघत नाहीत, सासरा जावयाच्या पाया पडतो, सरपंच सालगड्याच्या. एरवी हे होऊन जातं, लक्षात पण येत नाही. पण ज्याच्या विरोधात कोर्टात उभा आहे त्याच्या पायाला रात्री चार वाजता हात लावायचा म्हणजे अवघड आहे. म्हणून मी.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, ६ एप्रिलला रामनवमी आणि १२ ला हनुमान जयंती. मी गुरुवारी महावीर जयंतीची सुट्टी धरून गावाला आलो, शुक्रवारची रजा टाकली. घरी आल्या आल्या आईने पिशवी हातातून घेतली आणि टोपी दिली. उन्हाळ कांदा काढणीला आलेला आणि माणूस मिळत नाही. सप्त्यात तर अजिबातच मिळत नाही कारण गावात चूलबंद असती, दोन्ही टाईम देवळात पंगत, मग अकरा वाजता जेवायला गेलेला मजूर तीनला उगवतो. आमचं आपलं घरच्याघरी चाललं होतं. दिवसभर वाकून पात कापायची, कांदा गोळा करायचा, पाट्या ट्रॉलीत, ट्रॉलीतनं कांदाचाळीत. बोटांना तो कांद्याचा चीक लागतो ना तो काळा पडतो आणि निघत नाही, सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर माझीच बोटं मला परकी वाटतात. आणि मध्येच भोंगा, "घरटी तीस पोळ्या संध्याकाळी सहाच्या आत आणून द्याव्यात." आई कांद्यातनं उठून पोळ्या लाटायला गेली. चूलबंद म्हणतात त्याला. पुरुषांसाठी असती ती चूलबंद.

(हे मी दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये बोललो होतो की आचाऱ्यालाच पोळ्या सांगा, वर्गणी वाढवू पाहिजे तर. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या वर्षी घरटी पंचवीसच्या तीस झाल्या.)

संध्याकाळी जेवायला बसलो तर शेजारी नाना. आमटी इतकी गरम आणि इतकी तिखट की बोलता येत नाही, नुसतं नाक ओढायचं. वाढप्या पोरगं बादली आणि वगराळं घेऊन रांगेत पळत होतं, त्याला थांबवून नानाने दोनदा घेतली. म्हणाला, "निर्यातशुल्क काढलं म्हणत्यात." म्हणलं हो, १ एप्रिलपासून, वीस टक्के होतं ते. "मग भाव कुठं हाय?" यावर मी काय बोलणार. नानाने पत्रावळ दुमडली आणि उठता उठता म्हणाला, "दोनला ये टायमावर, माझी पाठ धरती आजकाल."

मी घरी गेलो, साडेदहा झाले होते. अंग असं ठणकत होतं की पाय धुवायचं पण जिवावर आलं. मोबाईलमध्ये पावणेदोनचा अलार्म लावला, चार्जिंगला लावला आणि आडवा झालो. त्यानंतर सिंगल फेज गेली असणार, आणि मोबाईलमध्ये आधीच तीन टक्के होते.

जाग आली ती कोंबड्याने. खरंच, कोंबड्याने. आजूबाजूला तांबडं पण नव्हतं, पण थंड वारा सुटला होता आणि लांबून देवळातून टाळ ऐकू येत होते. मोबाईल दाबला तर काळा. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं.

मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही. दहावीच्या गणिताच्या पेपरला उशीर झाला होता तेव्हाही नाही. तोंड न धुता गाडीला किक मारली, कालव्याच्या कडेने निघालो, बिबट्याचं डोक्यात पण आलं नाही, एरवी मी त्या वळणावर हॉर्न वाजवत जातो.

देवळात ट्यूबलाईटखाली पाच-सात माणसं. मंडपात बायका मारुतीच्या जन्माचा पाळणा झेंडूने सजवत होत्या. आळंदीहून आलेलं मृदंगाचं पोरगं, असेल पंधरा-सोळाचं, एका कोपऱ्यात कणीक मळत होतं, पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुमेला लावायला. त्याने बोटाने कणीक थापली, थाप मारून बघितली, थोडी काढली, परत थापली, परत थाप, घुम्म, आणि मग मान हलवली. मी दारात उभा राहून ते बघत बसलो, कारण आत बघायची हिंमत नव्हती.

आत वीणा तात्याच्या गळ्यात होती.

नाना पायरीवर बसला होता, डावा खांदा चोळत. वीणा तशी वजनाला जास्त नसती, भोपळा आणि दांडी, पण तिचा पट्टा तासाभराने खांद्यात रुततो, आणि एका हातात चिपळ्या असल्यामुळं पट्टा सरकवायचा तरी किती वेळा. दोन तासांनी माझा हात बधिर होतो आणि मी अडतीस वर्षांचा आहे. नाना साठ पार. चार तास.

मी त्याच्या पुढ्यात बसलो, म्हणलं नाना चुकलं. तो काही बोलला नाही. मग टाळावरच्या पोरानं, बारावीची परीक्षा दिलेलं आमच्या शेजारचं पोरगं आहे, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. दोनला मी आलो नाही, सव्वादोनला फोन लावला, बंद. दुसरा टाळकरी दीडलाच मोटर बघायला गेला होता कारण त्या आठवड्यात त्यांच्या लाईनला रात्रीची थ्री फेज. राहिलं हे एकटं पोरगं. ते म्हणालं मी जाऊन उठवून आणतो, तर नाना म्हणाला, "एकटा जाऊ नको चारीनं. ऱ्हाऊ दे, झोपलं असंल दमून." अडीचला वाटलं येईल, तीनला वाटलं येईल. माझ्या पहाऱ्याचे टाळकरी आले तेही अंगाने धडधाकट, पण वीणा कुणी मागेना, कारण या पहाऱ्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत. कुणी पुढं झालं तर उद्या दोन्ही घरं म्हणणार, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, चारला तात्या आले."

"आणि?"

"काही नाही. नानांनी काढली, तात्यांनी घेतली."

"पाया?"

"पडले की. दोघं पण." पोरगं जरा विचार करून म्हणालं, "पण बोलले नाहीत काहीच."

मी अकाउंट्सचा माणूस, मला एंट्री पूर्ण लागते, मी परत नानाकडं गेलो. चहा आला होता, तो बशीत ओतून घेत होता. म्हणलं, "नाना, तात्यांच्या पाया पडलात म्हणे." नानाने फुंकर मारली, एक घोट घेतला, आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच बोर तोडली. "त्याच्या कशाला पडतोय? वीण्याच्या पडलो. वीणा त्याच्या गळ्यात होती त्याला मी काय करू?"

आत तात्या ज्ञानोबा माऊली तुकाराम म्हणत डोलत होता, डोळे मिटून. मी वीस मिनिटं टाळ घेऊन त्याच्यामागं उभा राहिलो, प्रायश्चित्त म्हणा. त्याने डोळे उघडले नाहीत. सूर्य उगवायच्या वेळेला गर्दी झाली, पाळणा हलला, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला, मग दहाला काल्याचं कीर्तन, हंडी, बुंदी. काल्याच्या महाराजांच्या बिदागीवरून दुपारी मीटिंगमध्ये थोडी गरमागरमी झाली ती दरवर्षीच होते, तिच्यात लिहिण्यासारखं काही नाही. महाराजांची गाडी मात्र भारी होती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. पारावर दोन पार्ट्या. एक म्हणायची बर्फ वितळला, आता केस मागं घेतात बघा. दुसरी म्हणायची काय नाय, नानाने डाव साधला, मधला पहारा मारला, आता म्हणेल बारा ते चार आमचा. माझी आई म्हणाली, "तू झोपलास हे खरं, बाकी कुणाच्या मनात कोण शिरलंय."

जूनमध्ये कोर्टात तारीख होती, दोघंही गेले. वेगवेगळ्या एसटीने. बांधावर पेरणीच्या वेळी परत काहीतरी झालं, फार नाही, शिव्यांवर भागलं. दिवाळीला मी गेलो तेव्हा नानाच्या घरी फराळ केला आणि तात्याच्या घरीही केला, दोघांनीही दुसऱ्याचं नाव काढलं नाही, आणि दोघांच्याही घरी मला एकच टोमणा, "अलार्म लावून आलाय ना?"

यंदा पाडव्याच्या दुपारी ग्रुपवर यादीचा फोटो आला. गुरुजींचं अक्षर अजून सरळ आहे, आठवड्याच्या रकान्यात तांबडी शाई, नावं निळ्यात. मी सवयीने खाली गेलो, शेवटची रात्र, दोन ते चार. माझं नाव नाही. बारा ते दोनला नाना, आणि दोन ते चारच्या घरात गुरुजींनी नुसत्या दोन छोट्या आडव्या रेघा मारल्यात, शाळेच्या हजेरीपटात वर-प्रमाणे असं दाखवायला मारतात ना तशा. चार ते सहा तात्या.

लगेच फोन लावला. म्हणलं गुरुजी, नानाला चार तास?

"त्यानंच सांगितलं. म्हणला, चार तास उभं ऱ्हाता येतं मला, त्या पोराला नका त्रास देऊ."

"आणि तात्यांना विचारलं?"

"वही त्याच्यापुढंच होती. त्यानं वाचली."

"काय म्हणले?"

"चष्मा पुसला आणि वही पुढं सरकवली."

मी विचारलं, मग मला काय दिलंय. गुरुजी म्हणाले वर बघ, तिसरा दिवस. बघितलं. दुपारी बारा ते दोन. देवळाला परवाच नवीन पत्र्याचा सभामंडप केलाय, पंखे अजून लागायचे आहेत. आणि यंदा सप्ता आलाय नेमका मार्चअखेर, अकाउंट्सवाल्याला रजा कोण देतंय. साहेबांना काय सांगू, दुपारी बारा ते दोन वीणा धरायचीये म्हणून? परवा विचारून बघतो.